डोक्यावर टोपी नव्हती, साहेब

मित्रांनो, बेंगळुरूच्या एका पोलीस ठाण्यातल्या कपाटावर पडून असलेली एक जुनी टोपी तुमच्याशी बोलते आहे. माझी एका बाजूची कड वर मुडपून बटणाने अडकवलेली आहे, दुसरी बाजू मोकळी आहे आणि हनुवटीखाली घ्यायचा चामडी पट्टा आता वाळून कडक झाला आहे. आमच्या जागी आता निळ्या, सुटसुटीत टोप्या आल्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते ज्या डोक्यावर मी सात वर्षं काढली, त्या डोक्याचं. बाहेरून ते फार नीट विंचरलेलं असायचं. आत मात्र काही नव्हतं.

ते डोकं महांतेशचं. महांतेश निपाणीजवळच्या एका गावचा. घरात मराठी, नोकरीत कानडी. मी त्याच्या घरच्या भाषेत बोलते, कारण एकटा असला की तो माझ्याशी त्याच भाषेत बोलायचा. मी कारखान्यात बनले तेव्हा माझ्यासारख्या शेकडो टोप्या एकात एक घालून पोत्यात भरल्या होत्या. पोत्यात सगळ्या सारख्याच असतात. पुढे कोणतं डोकं वाट्याला येईल त्यावर टोपीचं नशीब ठरतं.

पहिल्या सुट्टीत तो मला घेऊन गावी गेला. त्याच्या आईने, कस्तुराबाईंनी, मला पाटावर ठेवून कुंकू लावलं. "हिची लाज राख रे बाबा," एवढंच त्या म्हणाल्या. सुरुवातीला त्याने ती राखली, खोटं कशाला बोलू? उन्हात चौकात उभा राहिला, जत्रेच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. पावसात मी भिजून जड व्हायचे, वाऱ्याने उडायचे, तरी मला पकडून तो पुन्हा डोक्यावर ठेवायचा. लोक म्हणायचे, "पोलीस अण्णा चांगला आहे."

मग त्याने मोठा फोन घेतला.

त्यानंतर पोलीस अण्णा चौकात कमी आणि फोनसमोर जास्त उभा राहू लागला. काळा चष्मा घालून जीपच्या दाराला टेकायचं. सावकाश चालत यायचं, मला दोन बोटांनी सरळ करायचं आणि आभाळाकडे बघायचं. आभाळात काय होतं ते मी सात वर्षांत पाहिलं नाही. मागे ढणढण वाजणारं गाणं लावायचं आणि खाली लिहायचं, 'खाकी म्हणजे जिगर.' जिगर बघायला वीस हजार लोक जमले होते, त्यातले निम्मे निपाणी-चिकोडीकडचे. रोज सकाळी दाढी करताना तो आकडा मोठ्याने वाचायचा. चोर किती पकडले ते कधी वाचलं नाही. वाचण्यासारखं नव्हतंच.

असे जिगरबाज त्या शहरात पुष्कळ झाले असावेत, कारण एक दिवस वरून परिपत्रक आलं. ठाण्याची रीत अशी, की सकाळच्या हजेरीला सगळे रांगेत उभे राहतात, परिपत्रक मोठ्याने वाचलं जातं आणि खाली प्रत्येकाने 'वाचलं, समजलं' असं लिहून सही करायची. त्या दिवशी हवालदार हेमलता अक्कांनी वाचलं. वर्दीत रील करू नये. ठाण्यातलं काहीही स्वतःच्या खात्यावर टाकू नये. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा, आणि लहान मुलाचा तर मुळीच, चेहरा, नाव, पत्ता, शाळा दाखवू नये. भाषा सोपी होती. आठवीतल्या मुलालाही कळली असती. महांतेश पहिलं वाक्य ऐकून थांबला आणि उरलेला वेळ भुवया सारख्या करत राहिला. मग त्याने ठसठशीत सही केली.

त्याच संध्याकाळी त्याने शोध लावला.

"अक्का," तो हेमलतांना म्हणाला, "डोक्यावर टोपी नसली तर आपण साहेबांना सॅल्यूट करत नाही, बरोबर? नुसतं सावधान उभं राहतो."

"मग?"

"म्हणजे टोपी नाही तर वर्दी पुरी नाही. आणि वर्दीच पुरी नाही, तर वर्दीत रील कुठलं?"

अक्कांनी लिहिता लिहिता मान वर केली. "महांतेश, एवढी अक्कल परीक्षेला लावली असतीस तर आज फौजदार झाला असतास."

त्याला ती स्तुती वाटली.

आता त्या मंगळवारची गोष्ट. मंगळवारी दुपारी बनशंकरीच्या देवळात राहुकाळाची पूजा असते. बायका लिंबाच्या सालीत तेल घालून दिवे लावतात. गर्दी एवढी, की आपला हात आपल्याला सापडत नाही. त्या गर्दीत आश्लेषा नावाची साडेचार वर्षांची मुलगी आईच्या हातातून सुटली. शाळेचा गणवेश, गळ्यात शाळेचं कार्ड, एका पायात बूट. फुलवाल्यांच्या ओळीशी रडत होती. महांतेशला ती दिसली. त्याने तिला उचललं, ती मराठीत 'आई' म्हणाली तसा तोही मराठीत बोलला, ठाण्यात आणून बिस्किट दिलं, डोळे पुसले. दहा मिनिटं तो चांगला पोलीस होता. ती दहा मिनिटं मी त्याच्या नावावर लिहून ठेवली आहेत. त्यापलीकडे लिहायला काही नाही.

कार्डाच्या मागे आईचा फोन नंबर होता. मोठ्या, ठळक अक्षरात. तो फिरवायला किती वेळ लागतो, तुम्हीच सांगा. महांतेशने फोन काढला खरा, पण नंबर फिरवायला नाही. त्याने मला डोक्यावरून उतरवलं आणि मुलीच्या डोक्यावर ठेवलं.

मी मोठी, डोकं एवढंसं. मी घसरून तिच्या नाकापर्यंत आले. त्याने मला वर सारलं. मी पुन्हा घसरले. आयुष्यात मी तेवढं एकच शहाणपणाचं काम करत होते. तिसऱ्यांदा त्याने माझा पट्टा तिच्या हनुवटीखाली आवळला आणि म्हणाला, "हां, आता दिसाय लागलं तोंड. बाळा, सॅल्यूट मार की. लई भारी!"

बाळाने सॅल्यूट मारला. मग त्याने तिच्या गळ्यातलं कार्ड फोनसमोर धरलं. "मंडळी, ही गोड छोकरी सापडलीय. शाळेचं नाव बघून घ्या, कुणाच्या ओळखीची असंल तर सांगा." नंबर हाताशी असताना हा गृहस्थ जगाला विचारत होता! ते रील रवाना झाल्यावरच त्याने आईला फोन लावला. तोवर पंचवीस मिनिटं गेली होती. पंचवीस मिनिटं ती बाई देवळाभोवती अनवाणी धावत होती.

आई आली. तिचं नाव क्षमा. हाका मारून मारून तिचा आवाज बसला होता. तिने मुलीला छातीशी धरलं आणि महांतेशला वाकून नमस्कार केला. त्याने तो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. आज आवाज होता. हातात प्लास्टिकची फाइल होती.

"दादा, तो व्हिडिओ काढा. आत्ता."

"काय वं ताई, असं काय करतायसा? नव्वद हजार झाल्यात! लोकं पोरीला केवढा आशीर्वाद द्यायलेत बगा की."

"मला आशीर्वाद नकोत. तिच्या बापाने आम्हाला शोधू नये म्हणून मी गाव सोडून इथे आले. त्याने माझा हात मोडला होता. तिलाही मारायचा. त्याने आमच्याजवळ फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे, हा बघा. आम्ही कुठे आहोत हे त्याला दीड वर्षांत कळलं नव्हतं."

"तुमचं गाव कुठलं?"

"चिकोडी."

महांतेशने फोनवरचा आकडा पाहिला. त्याचे निम्मे बघे त्याच भागातले, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरीही तो काय म्हणाला, ऐका. म्हणाला, "सरी, बरं, काढतो. पण स्वल्प थांबा, संध्याकाळी लाख झालं की लगेच काढतो."

हेमलता अक्का उठल्या. त्यांनी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्याचा अंगठा धरून रील पुसायला लावलं. कोर्टाच्या हुकुमाची प्रत घेतली, क्षमाला सांगितलं, "मुलीला शाळेत पाठवू नकोस, अम्मा. घरही कुणाला दाखवू नकोस." मग त्याच्याकडे वळल्या. "मेल्या, लोकांच्या फोनमध्ये उतरलंय ते कोण पुसणार? तुझा बाप?"

मित्रांनो, ते नव्वद हजार कोण होते? चोर नव्हते. घरोघरच्या मावश्या, काका, कॉलेजातली मुलं. लाल हृदय दाबलं, 'सो क्यूट' लिहिलं, घरच्या ग्रुपवर पुढे ढकललं आणि चहा प्यायला गेले. गळ्यातलं कार्ड सगळ्यांना दिसत होतं. एकालाही प्रश्न पडला नाही. तुमच्या घरातलं कुणी त्यात नव्हतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का? मला तर त्या सगळ्या हृदयांपेक्षा माझ्या आतली घामट पट्टी स्वच्छ वाटते.

शुक्रवारी एक माणूस ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा, बेळगावी कुंदा. महांतेशला बघून त्याने हात जोडले.

"खाकी म्हणजे जिगर! तुम्हीच न्हवं का? मी तुमचा फॅन हाय भाऊ. संग्राम माझं नाव. ती पोरगी माझी. तुमच्यामुळं तोंड दिसलं तिचं."

महांतेशचा चेहरा खुलला. अहो, फॅन भेटला होता! त्याने कुंद्याचा एक घास तोंडात टाकला.

"सकाळी शाळेवर जाऊन आलो," संग्राम म्हणाला. "तीन दिस आली न्हाई म्हणत्यात. तेवढा घरचा पत्ता दिला असता तर..."

"हां हां, वहीत असंल की, थांबा." आणि महांतेशने नोंदवही उघडली. त्या बाईने परवाच कोर्टाचा कागद याच्या नाकासमोर धरला होता. पण फॅनपुढे परवा कुणाला आठवतो? त्याचं बोट ओळींवरून खाली सरकू लागलं. मी टेबलावर होते. मला हात असते तर मी काय केलं असतं ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही.

हेमलता अक्का जेवणाचा डबा धुऊन आत येत होत्या. 'संग्राम' एवढं कानावर पडलं आणि त्यांनी ओला डबाच नोंदवहीवर ठेवला. शाई फुटली, पानं भिजली.

"पूर्ण नाव सांगा," त्या त्याला म्हणाल्या. "कोर्टाच्या कागदावर आहे, तेच ना? बसा. साहेब येईपर्यंत हलायचं नाही." आणि दारावरच्या शिपायाला त्यांनी दार लावायला सांगितलं. संग्रामचा आवाज बदलला, हात उगारला गेला, मग तो हात धरला गेला. तोंडात कुंदा असलेला महांतेश मध्ये उभा होता. गिळावा की थुंकावा, हेही त्याला ठरवता येईना.

संग्रामवर कोर्टाचा हुकूम मोडल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि पुढे महांतेशची चौकशी झाली. साहेबांसमोर महांतेश सावधान उभा राहिला.

"परिपत्रकावर तुझी सही आहे."

"आहे सर. पण मी वर्दीत नव्हतो. डोक्यावर टोपी नव्हती, साहेब."

साहेबांनी व्हिडिओ थांबवून त्याच्यासमोर फिरवला. "एनप्पा, अरे बाबा, मग ही टोपी कुणाच्या डोक्यावर आहे?"

तो निलंबित झाला. मी पुरावा म्हणून पाकिटात गेले आणि काम संपल्यावर कपाटावर आले. बाहेर पडताना त्याने निरोपाचा व्हिडिओ काढला, असं ऐकलं. वर्दीशिवाय. एवढा नियम शेवटी पाळला म्हणायचा.

जबाब द्यायला क्षमा मुलीसह एकदा आली. शाळा सोडवली होती, घर बदललं होतं, नोकरीवरही पाणी सोडलं होतं. वर्षभरात मुलीला जमलेली पहिली मैत्रीण मागे राहिली होती. जबाब लिहिताना हेमलता अक्कांचा फोन वाजला. त्यांनी तो फक्त बघायला उचलला. आश्लेषा बाकावरून उतरली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तिने चेहरा झाकून घेतला. कुणी तिला शिकवलं नव्हतं. अक्कांनी फोन खणात टाकला.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यावर टोपी येईल, खाकी नाहीतर निळी. ती मिरवायला दिलेली नसते. जो घाबरून तुमच्या दारात येतो, त्याचं नाव, त्याचा चेहरा, त्याचं घर तिच्याखाली झाकून ठेवायचं असतं. नियम वाचलात तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पळवाट सापडली तर स्वतःला हुशार समजू नका, त्या वाटेने दुसरं कुणीतरी आत येतं. आणि ज्यांच्या डोक्यावर टोपी येणार नाही, त्यांनी निदान अंगठा आवरावा.

आश्लेषा आता कुठे राहते, कोणत्या शाळेत जाते, हे तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. तो पत्ता अक्कांनी माझ्यासमोरच लिहून घेतला. मला पाठ आहे.

मी सांगणार नाही.