स्कॅनर पुन्हा रुसला

तेरा आकडे. साबण घ्या, बिस्किटं घ्या, नाहीतर झुरळांचं औषध घ्या. प्रत्येकाच्या पाठीवर तेरा आकडे, आणि काकू सकाळपासून ते एकेक करून बोटाने टाईप करत होत्या. एखादा चुकला की पडद्यावर लाल अक्षरांत यायचं, ‘वस्तू सापडली नाही’. वस्तू काकूंच्या हातात, गिऱ्हाईक समोर उभं, आणि म्हणे सापडली नाही!

“हात जोडते बाई तुला,” काकू पडद्याला म्हणाल्या.

स्कॅनर तसा जिवंत होता. त्याचा लाल उजेड पडत होता, पुडा समोर धरला की तो ‘टूं’ करून हुंकारही देत होता. फक्त वाचलेला आकडा बिलात उमटत नव्हता. फोनवर एखादा माणूस ‘हं, हं’ करत राहतो आणि ऐकत मात्र काहीच नाही, तसला प्रकार.

रांग दारापर्यंत गेली होती. मागून एक गृहस्थ म्हणाले, “काकू, घरी जाऊ की इथेच अंथरूण टाकू?”

“टाका. पण आधी त्याच्यावरचा नंबर वाचून दाखवा.”

रांग हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या मानेपासून बोटांपर्यंत सगळं दुखत होतं, आणि हसायलाही थोडी ताकद लागतेच.

खरं दुखणं वेगळंच होतं. त्या अख्ख्या दुकानात खुर्ची एकच, काउंटरमागची. बाकी सगळ्यांनी दिवसभर उभं राहायचं. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिलेला; त्या खुर्चीवरच त्यांची नोकरी टिकून होती. आणि काल मालकांनी, अगदी गोड आवाजात, सांगून टाकलं होतं, “काकू, राग मानू नका. पण महिन्यात चौथ्यांदा बंद पडला आणि चारही वेळा तुमच्याच हातात. मी दुपारी बसतो तेव्हा कसा सुरळीत चालतो? उद्या दुरुस्तीवाले येतील. त्यानंतरही रडला, तर परवापासून माझी भाची बसेल काउंटरवर. तुम्ही वर माल लावा.”

वर म्हणजे माळ्यावरचं गोदाम. बावीस पायऱ्या. काकूंनी त्या मोजलेल्या होत्या, कारण प्रत्येकीने त्यांना वेगवेगळं छळलं होतं.

मालक तिशीतले. त्यांच्या वडिलांनी काकूंना कामावर घेतलं तेव्हा हे शाळेचं दप्तर काउंटरखाली टाकून तिथेच झोपायचे. आता तेच गोड आवाजात बोलत होते. काकूंना रागही आला नव्हता. रागासाठी रात्री उशिरापर्यंत जागं राहावं लागतं, आणि त्या तर ताट धुतानाच पेंगायच्या.

“आले, आले! डॉक्टर आले!” वजनकाट्यावरची मुलगी ओरडली. दुरुस्तीवाल्यांना तिनेच हे नाव ठेवलेलं, कारण ते प्रत्येक यंत्राला आधी कान लावायचे. काट्यावरच्या या मुलीला सगळे चिमणी म्हणत, आणि का ते विचारायची गरज कुणालाच पडत नसे.

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली, घाम पुसला. त्यांचंही तोंड उतरलेलं. “हे सकाळपासूनचं पाचवं दुकान,” ते म्हणाले. “सांगा, काय होतंय?”

“तेच. हुंकार देतो, काम करत नाही.”

“आमच्या घरी पण आहे असा एक,” चिमणी म्हणाली.

डॉक्टरांनी वायर काढून परत खोचली. काही नाही. संगणकाच्या मागच्या दुसऱ्या भोकात खोचली. काही नाही. बिलाचा प्रोग्रॅम बंद करून कोरं पान उघडलं आणि त्यात एक पुडा वाचून पाहिला. पान कोरंच राहिलं.

“म्हणजे प्रोग्रॅमचा दोष नाही. हा बोलतोय, पण भलत्याच भाषेत. कीबोर्डसारखं बोलायचं सोडून दुसरंच लावलंय याने. मागच्या तिन्ही वेळा हेच. कोण बदलतंय?”

“मी काही केलं नाही हो,” काकू म्हणाल्या. हे वाक्य त्या महिनाभर म्हणत होत्या आणि आता त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

डॉक्टरांनी स्कॅनरसोबत आलेल्या पुस्तिकेच्या पानावरच्या बारकोडच्या पट्ट्या ओळीने त्याला दाखवल्या. आधी सगळं पुसून टाकणारी, मग कीबोर्डवाली, मग प्रत्येक आकड्यानंतर एंटर दाबणारी. या स्कॅनरला काही शिकवायचं झालं तर अशाच पट्ट्या दाखवाव्या लागतात. पुडा धरला. टूं! आकडा टपकन बिलात.

रांगेने टाळ्या वाजवल्या. काकू मात्र म्हणाल्या, “आता चालेल हो. तुम्ही गेलात की बघा.”

डॉक्टर पिशवी उचलत होते, ती त्यांनी परत ठेवली. “मग नाही जात. तुम्ही काम करा. मी बघत बसतो.”

“बसताय कुठे? खुर्ची एकच आहे,” चिमणी म्हणाली. डॉक्टर खोक्यांच्या थप्पीला टेकून उभे राहिले.

काकू कामाला लागल्या. टूं, टूं, टूं. एकेक गिऱ्हाईक सरकू लागलं. दरवेळी बिल फाडायला हात मोकळा हवा म्हणून त्या स्कॅनर डावीकडच्या रिकाम्या जागी ठेवत. मग एक बाई महिन्याचं सामान घेऊन आल्या. पिठाच्या पिशव्या, डबे, बाटल्या. डावीकडे बोट ठेवायला जागा उरली नाही. काकूंनी स्कॅनर उजवीकडे, काउंटरच्या काचेवर, तोंड खाली करून टेकवला.

टूं-टूं.

“हे काय वाजलं?” डॉक्टर खोक्यांवरून सरळ झाले.

“ते ना? ठेवताना वाजतो कधीकधी. दमत असेल.”

“दोनदा वाजला. वस्तू वाचली की एकदाच वाजतो.” ते पुढे आले. “धरा बरं पुढचा डबा.”

काकूंनी डबा धरला. टूं. बिलात काही नाही.

डॉक्टरांनी स्कॅनर उचलला आणि काचेकडे पाहिलं. काचेखाली एक कागद होता, कडा नीट कापलेला, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. त्यावर काळ्या पट्ट्यांच्या तीन ओळी.

“हे कुणी ठेवलं?”

काकू म्हणाल्या, “मीच. तुम्ही हा स्कॅनर बसवायला आलात तेव्हा म्हणालात ना, पुस्तिकेतल्या पट्ट्या जपून ठेवा, लागतील. पुस्तिका हरवली तर काय घ्या, म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढून काचेखाली घातली. हाताशी असावी.”

“काकू, याला बटण दाबावं लागत नाही. समोर पट्टी दिसली की हा वाचतो. गर्दी झाली की तुम्ही याला इथे पालथा घालता, आणि हा खालची ती सगळं पुसणारी पट्टी वाचून कीबोर्डची भाषा विसरून मोकळा होतो.” डॉक्टरांनी डोळे चोळले. “मालकांच्या वेळेला दुपारी गर्दीच नसते.”

काकूंनी काचेवरून बोट फिरवलं. इतक्या जपून, इतक्या नीटनेटकेपणाने त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही चिकटपट्टी लावून.

डॉक्टरांनी भेटीचा कागद काढला. त्यावर ‘बिघाडाचं कारण’ असा रकाना होता. त्यांनी आवाज उतरवला. “वायर सैल होती, असं लिहितो. काचेखालचा कागद मी काढून नेतो. कुणाला काय कळतंय?”

काकूंनी पेनाकडे पाहिलं. किती सोपं होतं! पण मग उद्यापासून त्या वायरचं नाटक सांभाळायचं, चिमणीला गप्प बसवायचं, मालकांनी विचारलं की तेच तेच सांगायचं. नुसत्या विचारानेच त्यांना थकवा आला.

“नको,” त्या म्हणाल्या. “खरं तेच लिहा. माझ्यात अजून एक गोष्ट लक्षात ठेवायचं बळ नाही.”

आतून आलेल्या मालकांनी भेटीचा कागद दोनदा वाचला. मग काचेखालचं पान पाहिलं, मग काकूंना. “म्हणजे चारही वेळा ही भानगड तुमचीच?”

“माझीच.”

“मी उगाच नव्हतो म्हणत!” मालकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “उद्या परत काही झालं तर कुणाच्या पाया पडायचं?”

“दाखवते,” काकू म्हणाल्या. चार वेळा बघून त्यांना सगळं पाठ झालं होतं; दोष आपल्या माथी येईल म्हणून आजवर हात लावला नव्हता, एवढंच. पुस्तिका उघडली, स्कॅनर उचलला. पुसणारी पट्टी. कीबोर्डवाली. एंटरवाली. कोऱ्या पानावर एक तपासणी. मग बिलाच्या प्रोग्रॅमवर येऊन, आकडा पडायच्या चौकोनात टिचकी. डबा. टूं. बिलात ‘चहा पावडर’. रांगेतल्या कुणाचं खोकून होईपर्यंत सगळं झालं.

डॉक्टर म्हणाले, “मला यायची गरजच नव्हती. आमच्या ऑफिसातही हे इतक्या झटपट कुणी करत नाही.”

मालकांनी कागद तिसऱ्यांदा वाचायला घेतला. महिन्याच्या सामानवाल्या बाई म्हणाल्या, “अहो, तुमचं ठरेपर्यंत माझं पीठ आंबेल.”

मालकांनी फोन काढला आणि पाठ फिरवून भाचीशी बोलले. काकूंना एवढंच ऐकू आलं, “हो, ये ना. पण काउंटरवर नाही, वर. हो, जिने आहेत. तरुण आहेस की.”

काकूंना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी आत. पण पाय सुजले होते, आणि दुकान बंद व्हायला अजून तीन तास होते. त्यांनी काचेखाली हात घालून नखाने चिकटपट्टीचा कोपरा उचकटला, कागद काढून घडी करून कमरेला खोचला, आणि पिठाची पिशवी पुढे ओढली.

“बाई, पिशवी जरा फिरवा,” त्या म्हणाल्या. “पट्टी पलीकडे आहे.”