इंजिनाला लाज वाटते म्हणे

गॅरेजच्या शटरपाशी इतकी माणसं दाटली होती की आतली गाडी दिसेना. शेजारचा टायरवाला टायरांच्या थप्पीवर चढला होता, समोरची शिंपीण मशीन सोडून आली होती, आणि पायावर पाय पडला तरी कुणी कुरकुरत नव्हतं. कारण आत प्रेशरबाबा इंजिनाची नाडी बघत होते.

हसू नका. नाडीच. बॉनेट उघडून, इंजिनावर दोन बोटं टेकवून, डोळे मिटून.

गाडी माझ्या मावसभावाची, गॅरेजही त्याचंच. त्याला सगळे दादा म्हणतात. शर्यतीसाठी बांधलेलं इंजिन, साध्या गाडीच्या दुप्पट ताकदीचं. चालवणार त्याची धाकटी बहीण, आणि रविवारी घाट चढायची शर्यत. दोन दिवस आधी डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. तेल भरपूर होतं, पण त्याला दाब नव्हता. म्हणजे तेल ढकलणारा पंप दमला होता आणि आतलं लोखंड लोखंडावर घासायच्या बेतात होतं. नवा पंप खोक्यात आणून ठेवलेला होता. पण तो बसवायचा तर इंजिन उचला, तळाचा तेलाचा चेंबर उतरवा. शर्यत हातची जाणार. म्हणून दादाने बाबांना बोलावलं. हयात पाने-पकडी फिरवण्यात घालवलेला माणूस, वेळ आली तेव्हा पाना टाकून पाय धरून बसला.

बाबांची ख्याती मोठी. ट्रक म्हणू नका, ट्रॅक्टर म्हणू नका, कशावरचाही लाल दिवा विझवतात. ते लोकांना समजावत होते की इंजिनात जीव असतो, तो रुसतो, आणि शिव्या खाऊन खाऊन या इंजिनाचं मन विटलंय. मग त्यांनी गाडी चालू करायला लावली, इंजिनावर काळं फडकं पसरलं आणि दोन्ही हात फडक्याखाली घातले. फडकं कशाला, असं धाकटीने विचारलं.

"पोरी, चारचौघांत इंजिनाला लाज वाटते," बाबा म्हणाले.

लाज! ज्याला दादाने उभंआडवं खोलून कितीदा ओट्यावर मांडलंय, त्याला!

फडक्याखाली खुडबुड झाली, बाबा कण्हले, आणि दिवा विझला. टायरवाल्याने थप्पीवरूनच हात जोडले. दादाचे डोळे भरून आले. तो धाकटीला म्हणाला, बस आणि घाटात एक फेरी मारून ये.

तेवढ्यात वहिनी ड्यूटीवरून आली. दादाची बायको, इस्पितळात अतिदक्षता विभागात नर्स आहे. शिंपिणीने तिला सगळी हकीगत रंगवून सांगितली. वहिनीने पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

"दिवा विझला ना? छान. आता इंजिन बंद करा."

"कशाला? आत्ता कुठे बरं झालंय," दादा म्हणाला.

"आमच्याकडे अलार्म एकदम गप्प झाला की आम्ही टाळ्या वाजवत नाही, आधी वायर बघतो. पेशंट बरा होतो तो हळूहळू. झटक्यात बरा झाला तर वायर निघालेली असते."

धाकटीने इंजिन बंद केलं. मग गाडी सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. ऑइलचा लागेना.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पंप फिरत नाहीये. दाब शून्य आहे. हा दिवा आत्ता लागायलाच हवा ना रे?"

दादा रोज वीस गाड्यांत हे बघतो. तो खाली मान घालून उभा राहिला.

वहिनीने फडकं ओढलं. इंजिनाच्या कुशीत एक छोटा स्विच असतो, त्याला एकच वायर. तेलाचा दाब घसरला की तो स्विच वायर लोखंडाला जोडतो आणि दिवा लागतो. ती वायर उपटलेली, बाजूला लोंबत होती. आता इंजिन वितळलं असतं तरी दिवा लागला नसता.

बाबा म्हणाले, नास्तिक बाईची सावली पडली.

"सावली बाजूला घेते," वहिनी म्हणाली. "वायर पुन्हा लावते. तुम्ही फडक्याशिवाय विझवा."

बाबांना अचानक दुसऱ्या भक्ताची आठवण झाली. खेदाची गोष्ट ही की अर्धी गर्दी त्यांच्यामागेच गेली, आणि टायरवाला वाटेत त्यांना आपल्या स्कूटरचं दुखणं सांगत होता.

इंजिन उचललं. चेंबर उतरवला तर तेल शोषून घेणाऱ्या जाळीत सांध्याची फट बुजवणाऱ्या गॅस्केट-पेस्टचा गोळा अडकलेला. मागच्या वेळी दादानेच चेंबर बसवताना पेस्ट थापली होती, थोडी जास्त बरी म्हणून. जास्तीची आत पिळली गेली, जाळी तुंबली, आणि पंपाचे दाते कोरडे फिरून ओरबाडले. त्याला तशी शंका होती. इंजिन खोललं की ते सगळ्यांना दिसणार, म्हणून तर बाबांना बोलावलं; शर्यत हे निमित्त.

धाकटीने तो गोळा बोटांत धरला. "घाटात इंजिन जाम झालं असतं तर चाकं जागच्या जागी अडली असती. तुझी पेस्ट झाकायला मी दरीत गेले असते की रे."

दादाने नव्या पंपाचं खोकं उघडलं.

नवा पंप आधी तेलाने भरून मग बसवला. दाब मोजायचं घड्याळ लावलं, इंजिन पेटू नये म्हणून स्पार्क प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर ते फिरवलं. सुई थरथरली आणि चढली. परत आलेला टायरवाला म्हणाला, पंपाला आधी तेल पाजायचं, हाही मंत्रच झाला.

"मग कोरडा बसवून बघ तुझ्या गाडीत," धाकटी म्हणाली. "सुई सांगेल काय ते."

शर्यत हुकली. धाकटी आठवडाभर दादाशी बोलली नाही. पण फुगून का होईना, ती घरात धडधाकट बसली होती, आणि ते कुठल्याही बाबाच्या कृपेने नव्हतं.

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, लाल दिवा विझवून देणारे पैशाला पासरी मिळतील. दिवा का लागला, हे विचारा. मग खोला, बघा, मोजा. आत आपलीच चूक निघाली तर ती मान्य करा; लाजेने कुणी मरत नाही.