वाजवी निर्बंध

तिसऱ्या मजल्यावरच्या पोराची वाद्यवृंदातली निवडचाचणी पुढच्या सोमवारवर आली होती, आणि नेमकी तेव्हाच इमारतीच्या समितीला शांततेची आठवण झाली. तक्रार त्याच्या वरच राहणाऱ्या नर्सताईंची. रात्रपाळी करून त्या दुपारी झोपायच्या आणि पोरगा दुपारी क्लॅरिनेट वाजवायचा. रात्री वाजवावं तर उरलेली इमारत जागी. म्हणून ठराव सरसकट बंदीचाच होता.

"काका, मला व्यक्त होण्याचा हक्क आहे," पोरगा सभेत म्हणाला. "राज्यघटनेतच दिलाय."

चिटणीसकाका याच वाक्याची वाट बघत होते. राज्यघटना त्यांनी सोबतच आणली होती, आणि तीही नेहमीसारखी खुर्चीवर ठेवून उंच बसायला नव्हे. त्यांनी चष्मा चढवला.

"दिलाय ना. पण पुढे वाच. 'वाजवी निर्बंध'. म्हणजे, जो वाजवी त्याच्यावर निर्बंध. घटनाकारांना तू आधीच दिसला होतास, बाबा."

काकांचा जन्म जुन्या कवितांत गेला होता. तिथे 'वाजवी' म्हणजे 'वाजवतो'च. सभेने माना डोलावल्या. खजिनदारांनी तर घटनाकारांच्या दूरदृष्टीचं कौतुकही केलं.

"अहो, वाजवी म्हणजे रास्त!" पोराची आई म्हणाली. "भाजीवाला नाही का म्हणत, वाजवी भाव?"

"वहिनी, घटना भाजीवाल्याने लिहिलेली नाही."

"मग गाणाऱ्यांना मोकळीक का?" पोराने विचारलं. भल्या पहाटे ताना घेत गळा साफ करणारे पहिल्या मजल्यावरचे वकील एकदम खिडकीबाहेर बघू लागले.

इतका वेळ जांभया आवरत बसलेल्या नर्सताई उठल्या.

"तुमचं व्याकरण संपेपर्यंत माझी ड्युटी सुरू होईल. अरे, तुझा हक्क राहू दे तुझ्यापाशी. मला चारपर्यंत झोपू दे, मग छप्पर उडव."

"आणि तुमची ड्युटी बदलली तर?"

"तर घटनादुरुस्ती करू."

ठराव बारगळला. काकांनी इतिवृत्तात 'सखोल चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चारला पोराने क्लॅरिनेट ओठांना लावलं. अवघड जागी सूर नेहमीसारखाच घसरला.

"तिथेच!" वरच्या खिडकीतून आवाज आला. "रोज तिथेच घसरतोस. परत घे."

त्याने परत घेतलं. परत घसरलं.

"ताई, त्रास होत असेल तर थांबतो."

"थांबतोस कुठे? एवढं बसल्याशिवाय उद्या मला झोप लागायची नाही."