रेनडिअरच्या चालीने

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाउनोच्या स्नोमोबाइलच्या दुकानात एक फोटो आला आणि टेबलावरची कॉफी तशीच निवत राहिली. गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीच्या मैदानावर कुणीतरी झाडाआडून काढलेला. पुढच्या हिवाळ्यात विकायला येणारी, बर्फावर पट्ट्याने चालणारी गाडी, पण अंगभर काळं कापड. उघडा होता तो फक्त बर्फावरचा माग.

रेनडिअर पाळणारी माणसं मागावरून जनावर लंगडतंय की थकलंय ते सांगतात. त्यांनी गाडीही तशीच वाचली.

"हा उंचवटा बघ," इस्सात म्हणाला. "पट्ट्याचा ठसा वर चढला, खाली उतरला, कुठे तुटला नाही. मागचं सस्पेन्शन नवं आहे."

"इंजिनही नवं आहे म्हणे," टाउनो म्हणाला. दुकान त्याचंच, पण कंपनी त्यालाही काही सांगत नसे. "माझ्या मेव्हण्याने ऐकलंय."

"त्याने गेल्या वर्षीही ऐकलं होतं."

"गेल्या वर्षी त्याचा कान दुखत होता."

इस्सात हसला नाही. हसलं की कंबर दुखे. वय अठ्ठावन्न, पस्तीस हिवाळे गाडीवर आदळून मणक्याच्या दोन चकत्या झिजल्या होत्या. जुन्या गाडीवर आता एक दिवसही बसू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि एप्रिलमध्ये कळप उन्हाळी कुरणांकडे न्यायचा होता. पाच दिवसांची वाट. बापाबरोबर जायला लागल्यापासून त्याचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. नव्या मॉडेलची एक गाडी लोकांना चालवून बघायला एप्रिलमध्ये दुकानात येणार होती आणि ती पाच दिवस त्याला द्यायला टाउनो कबूल झाला होता. आशा तेवढीच.

"तीन वर्षं नवं येतंय, नवं येतंय," घरी त्याची थोरली बहीण रिस्तेन म्हणाली. "जुन्या स्प्रिंगा बदलल्या असत्या तर कंबर तरी राहिली असती."

"ताई, यंदा खरंच येतंय."

आणि खरंच आलं. निघायच्या आदल्या दिवशी पहाटेच तो टाउनोबरोबर तळ्याकाठी गेला. उंचसखल, गोठलेल्या बर्फावरून त्याने गाडी सोडली आणि दुखायची वाट पाहिली. दुखलं नाही. परतताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने वाऱ्यावर ढकललं.

मग त्याने वेग कमी केला. रेनडिअर चालतात तेवढा. कळपामागे गाडी दिवसभर त्याच वेगाने न्यायची असते. दहा मिनिटांत समोर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला.

"जोरात घे," टाउनो ओरडला. "पट्ट्याने भुसभुशीत बर्फ उडाला की इंजिन गार होतं."

इस्सातने टाच आपटली. खालचा बर्फ रात्री गोठून फरशीसारखा झाला होता. एप्रिलमध्ये तो तसाच असतो. म्हणूनच कळप एप्रिलमध्ये निघतो.

"जोरात कसं घेऊ? रेनडिअरांना सांगू पळायला?"

खिशातला फोटो त्याने काढला. मागाच्या दोन्ही बाजूंना बर्फ पिठासारखा ढासळला होता. फोटो नोव्हेंबरातला असणार, बर्फ भुसभुशीत असतो तेव्हाचा. महिनाभर त्याने माग वाचला होता. बर्फ वाचायचा राहून गेला होता. आणि बर्फ वाचण्यातच त्याचा जन्म गेला होता.

"पुढच्या वर्षी हिलाही जुन्या गाडीसारखा पंखा बसवणार आहेत म्हणे," टाउनो हळूच म्हणाला.

"कोण म्हणालं?" इस्सातने विचारलं आणि विचारल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

घरी रिस्तेन गाडीमागे ओढायच्या घसरगाडीवर सामान बांधत होती.

"काय झालं?"

"तापते."

तिने दोराची गाठ आवळली.

"ताई, तुझ्या गाडीमागच्या घसरगाडीत मला जागा कर. आडवा पडून येतो."

"सामानासारखा?"

"त्याला काय झालं?"

"सामान सूचना देत नाही."

तिने तंबू दुसऱ्या घसरगाडीवर टाकला आणि रिकाम्या जागी दोन कातडी अंथरली. जरा थांबून तिसरं आणलं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जुन्या गाडीवर सर्वांत पुढे निघाली. मागे इस्सातची घसरगाडी, तिला दोराने बांधलेला वाटाड्या रेनडिअर, त्याच्यामागे कळप, आणि शेवटी, इस्सातच्या जागी, चुलत भाऊ. इस्सात मागे तोंड करून पडला होता. पस्तीस वर्षं त्याने कळपाच्या पाठी पाहिल्या होत्या. आता सगळी तोंडं त्याच्याकडे होती, तोंडांतून वाफ येत होती.

"जरा हळू, ताई," तो म्हणाला.

"याहून हळू म्हणजे थांबणं," ती म्हणाली आणि तशीच चालवत राहिली.