व्ह्यूफाइंडरचा दोष

"हे बघ. हा स्टँड मी आत घेतलाच नव्हता!"

ललिताताईंनी कॅमेऱ्याचा पडदा जब्बारच्या नाकासमोर धरला. फोटोत जांभळी पैठणी झकास पसरली होती आणि डाव्या कडेला दिव्याच्या स्टँडचा पाय खुशाल उभा होता.

"डोळ्याला एक दाखवतो, फोटोत दुसरंच काढतो. काय करायचं असल्या डब्याचं?"

तपकीर गल्लीत पहिल्या मजल्यावर जब्बारचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. वापरलेला माल घ्यायचा, खोलून साफ करायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायचा. मीडियम फॉरमॅट डिजिटल मात्र त्याच्याकडे क्वचितच येई. मोठ्या सेन्सरचा, जाहिरातवाल्यांचा आणि संग्रहालयांचा तो भारी ऐवज. कोरा घ्यायची ऐपत कोणाची? त्यामुळे वापरलेला आला की हातोहात खपे. ललिता गायकवाड संग्रहांसाठी जुन्या साड्यांचे फोटो काढत. जरीचा धागा न् धागा दिसला पाहिजे असं काम. नवरा गेल्यावर त्यांनी याच कॅमेऱ्यावर संसार ओढला होता, तोही कोणापुढे हात न पसरता.

जब्बारने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, भिंतीवरच्या चौकड्यांच्या कागदावर रोखला आणि बटण दाबलं. व्ह्यूफाइंडरमधून दिसलं तेवढंच फोटोत उतरलं, तसंच्या तसं. पुन्हा काढला, तरी तेच. कॅमेरा ठणठणीत होता.

"काय निघालं?" म्हणत ताई वळल्या आणि डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा ग्लास त्यांच्या कोपराने लवंडला.

"हा इथं कोणी ठेवला?"

ठेवला त्यांच्या देखतच होता.

जब्बारला तेव्हाच कळलं. कळलं नव्हतं असं तो पुढे स्वतःला बरेच दिवस बजावत राहिला, पण कळलं होतं. त्याचे अब्बाही असेच दारावर आदळायचे आणि दारालाच शिव्या द्यायचे. काचबिंदू निघेपर्यंत घरात कोणी लक्ष दिलं नव्हतं. ताई कॅमेऱ्याला नेहमी डावा डोळा लावत; त्या डोळ्याचा डावीकडचा भाग नजरेतून गेला होता आणि गेला हेही त्यांना कळत नव्हतं. आता सांगावं, एवढंच करायचं होतं.

पण तोंड उघडलं ते त्याच्यातल्या दुकानदाराने.

"व्ह्यूफाइंडर सरकलाय ताई. पार्ट नाही मिळत आता याचे. असाच देत असाल तर घेतो मी, पण भाव पडणार."

"पडू दे. पण दुसरा चांगला दाखव. दिवाळीला चारच महिने राहिलेत, त्याआधी कॅटलॉग पुरा करायचाय मला."

त्याने दुसरा दाखवला आणि विकलाही. घेताना कमावलं, देताना कमावलं. ताईंचा कॅमेरा त्याच आठवड्यात मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने खुशीत नेला.

घरी बायकोने, हमीदाने, विचारलं, "तोंड का पाडून बसलात? धंदा झाला नाही का?"

"झाला की," तो म्हणाला, "चांगला झाला." आणि ताटातली भाकरी नुसतीच मोडत बसला. उद्या फोन करू, असं त्याने मनाशी ठरवलं. पण उद्या केला नाही, परवाही नाही. कॅमेरा विकून झाल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

दिवाळी उलटल्यावर ताई पुन्हा जिना चढून आल्या. या वेळी कठडा धरून.

"तुझा हाही डबा तसलाच निघाला. निम्मे फोटो परत आले. पुढचं काम दुसऱ्याला दिलं संग्रहवाल्यांनी."

आता मात्र जब्बारला राहवलं नाही. "ताई, कॅमेरा राहू द्या. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आजच जा."

त्या गेल्या. पंधरवड्याने पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आल्या.

"डावा गेलाच म्हणाले. गेलेलं परत येत नाही. चार-पाच महिने आधी आला असतात तर म्हणाले, पण ते असो. उजवा औषधाने टिकेल. माझ्या सख्ख्या भावाला कळलं नाही रे, तुला कळलं. घे, पेढा घे."

जब्बारने पेढा घेतला आणि न खाताच गल्ल्यावर ठेवून दिला. ताईंना नारायण पेठेत घरी जायचं होतं. तो त्यांना सोडायला निघाला. त्याचा हात धरून त्या बाजीराव रस्त्यापर्यंत आल्या, वाटेत भेटलेल्या पुस्तकवाल्यालाही सांगून झालं, "यानेच वाचवलं बरं का मला." ते ऐकून जब्बारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई," कडेला थांबून तो म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमचा कॅमेरा चांगला होता."

"पहिल्याच दिवशी?"

"हो. लालच आली मला."

ताईंनी शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत थोबाडीत मारली असती, तर त्याने ती खाल्ली असती. त्यांनी फक्त त्याच्या हातावरचा आपला हात काढून घेतला.

रस्त्यावर रिक्षा, दुचाक्या, बस, सगळं डावीकडून अंगावर येत होतं. ताईंनी पाऊल पुढे टाकलं, हॉर्न किंचाळला, त्यांनी मागे घेतलं. जब्बारने हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला, उजव्या डोळ्याने, नीट पाहिला, आणि शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या एका मुलीकडे वळल्या.

"पोरी, मला जरा पलीकडे सोडतेस का?"

"हो आजी, चला ना." मुलीने त्यांचा उजवा हात धरला.

"तो नको गं," ताई म्हणाल्या, "डावीकडून धर. त्या बाजूचं दिसत नाही मला."