दीपाचा पत्रा आणि दहा शब्द

मी एक जुना पत्रा आहे. गोडेतेलाचा डबा कापून, ठोकून सपाट केलेला. मित्रांनो, तुमच्या वर्गात भिंतीवर तक्ते असतात ना, तसाच मीही एक तक्ता होतो. आज माझ्याकडे पाहून तुम्हाला ते खरे वाटणार नाही.

जामखेडजवळच्या एका लहान शाळेत कल्याण सरांनी मला घडवले. दिवाळी झाली की त्यांचा अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. तिथे उसाच्या वाळल्या पानांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचे; तिला कोपी म्हणतात. कोपीत वही टिकत नाही. ती दवाने भिजते, नाहीतर चूल पेटवायला जाते. म्हणून सरांनी मला पांढरा रंग दिला आणि त्यावर निळ्या रंगाने दहा इंग्रजी शब्द अर्थासह लिहिले. सगळे शब्द पुढे जाण्याचे. अहेड म्हणजे पुढे. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या दिशेने. प्रोग्रेस म्हणजे प्रगती. लीड म्हणजे आघाडीवर असणे. असे खालपर्यंत.

सरांनी मला चौथीतल्या दीपाच्या हाती दिले. "उन्हाळ्यात जामखेडच्या वसतिगृहाची तोंडी परीक्षा आहे," ते म्हणाले. "गणित तुला येतं. इंग्रजीत अडतेस. तिथं विचारतात ते हे दहा शब्द पक्के कर. तिथं नाव लागलं, तर पुढच्या वर्षी शाळा सोडून जावं लागणार नाही."

ट्रकमधून आम्ही संगमनेरकडच्या एका गावी आलो. दीपाने मला कोपीच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला टांगले. चौदा कोप्या, आणि तिन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच ऊस. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कोपीतली शेळी गेली. सकाळी मातीत पंजे उमटलेले होते. तेव्हापासून ऊस सळसळला की माझे कोपरे थरथरत.

तोडणीवाले पहाटेच उसाच्या फडात जातात. दीपाचे वडील भीमराज आणि आई गीताबाई कोयते घेऊन निघून जात. मागे दीपा आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ सम्राट. एका पहाटे सम्राट दारात बसून बिस्कीट खात होता. समोर ऊस हलला आणि थांबला. पाचटात दोन डोळे होते. बिबट्या पोट जमिनीला टेकवून बसला होता.

दीपा ओरडली नाही. तिने मला हिसकून काढले, चुलीजवळची पळी उचलली आणि माझ्यावर मारायला सुरुवात केली. दण्ण, दण्ण, दण्ण. सम्राटच्या पुढे उभी राहून ती मारत राहिली. डोळे नाहीसे झाले, तरी तिचा हात थांबेना. माणसे धावत आली, तेव्हा गीताबाईने तिच्या मुठीतून पळी सोडवली.

त्या दिवशी माझे फार कौतुक झाले. भीमराज म्हणाले, "आपल्या ताटल्या नुस्त्या किनकिनत्यात. ह्यो पत्रा लई दणकतो. आता रोज पहाटं अन् दिवस मावळताना ह्योच वाजवायचा."

मला अभिमान वाटायला हवा होता. पण दीपाने मला उलटसुलट पाहिले. अहेड शब्दाची जागा कोरी झाली होती. पायाशी निळ्या रंगाच्या खपल्या पडल्या होत्या.

"आये, ह्यो नको. दुसरा पत्रा बघा की. माझे शब्द उडत्यात."

"शब्द पुन्यांदा लिवता येत्याल," गीताबाई म्हणाली. "पोरगं पुन्यांदा येईल का?"

दीपाने मला पुन्हा मेढीला टांगले. दोघींचेही खरे होते, आणि मला दोन्हीकडून भीती वाटत होती. मी वाजलो नाही तर लेकरू जाईल. वाजलो तर दीपा पुढच्या वर्षीही इथेच येईल.

मग ती माझ्याशी शर्यत लावल्यासारखी शिकू लागली. ज्या शब्दाला तडा गेलेला दिसे, तो आधी पाठ करायचा. भाकरी थापताना, पाणी आणताना ती पुटपुटायची. ट्रॅक्टर चालवणाऱ्या कानिफनाथला तिने गाठले. "मामा, ओव्हरटेक म्हंजी मागं टाकून पुढं जानं ना?"

"व्हय. माझ्या टॅक्टरला समदे करत्यात. सायकलवालं म्हातारंबी करतंय."

ती हसली, आणि तो शब्द तिच्या तोंडात कायमचा राहिला. संक्रांतीपर्यंत माझ्यावर दोनच शब्द उरले. एक तिने पाठ करून वाचवला. दुसरा प्रोसीड. त्याचा अर्थ पाठ करायच्या आधीच एका पहाटे उडाला. तिने खपल्या वेचून जुळवून पाहिल्या. जुळल्या नाहीत. चौदा कोप्यांत कुणालाच तो अर्थ माहीत नव्हता.

तोडणी लांबली आणि आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्रीच गावी पोचलो; सरांना विचारायला वेळ उरला नाही. परीक्षेहून आल्यावर तिने आईला जे सांगितले, ते मी ऐकले. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी सात शब्द विचारले. ते आले. आठवा प्रोसीड.

"ह्याचा अर्थ उडाला, बाई," दीपा म्हणाली.

"उडाला म्हणजे?"

तेव्हा तिने सगळे सांगितले. मग बाई म्हणाल्या, "थांबायचं नाही, चालू केलेलं पुढं चालू ठेवायचं. हा त्याचा अर्थ. म्हण बघू." दीपाने दोनदा म्हटले. आठ दिवसांनी यादीत तिचे नाव लागले.

मित्रांनो, दीपा आता जामखेडला शिकते. मी मात्र यंदाही गीताबाईच्या बोचक्यातून इकडे आलो. माझ्यावर एकही अक्षर नाही, नुसते पोचे आहेत. पण माझी विनवणी रंगासाठी नाही. तुमच्या गावच्या उसाजवळ कोप्या पडल्या, तर पहाटे तिथे एखादे लेकरू एकटे बसलेले असते. त्याला तुमच्या अंगणात, तुमच्या बालवाडीत बोलवा. मोठी माणसे ऐकली नाहीत, तर पुन्हा सांगा.

आत्ता इथे पहाट होते आहे. माणसे फडात गेली आहेत. सम्राट दारात बसला आहे, आणि त्याच्या हातांना अजून मी पेलत नाही. समोर ऊस हलतो आहे. वारा असेल, असे मी स्वतःला समजावतो आहे.