पहिला आवाज कोणाचा?

अरे थांबा, मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल आणि परत पहिल्यापासून सांगावं लागेल! तर झालं असं, की प्राचार्य मॅडमनी आमच्या कॉलेज रेडिओची खोली मागितली. कशाला? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला! आवाज घुमू नये म्हणून आम्ही भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिळे ठोकताना अंगठे सुजवून घेतलेत, आणि तिथे आता गठ्ठे बसणार!

आमची स्टेशनप्रमुख, तिला आम्ही फौजदार म्हणतो, ती तरातरा भांडायला गेली. मॅडमनी एकच विचारलं, "मुली, ऐकतं कोण तुमचं?"

फौजदारने चक्क मान खाली घातली! म्हणजे विचार करा. ती झोपेतसुद्धा भांडते.

कारण खरं सांगू का, आमचा ट्रान्समीटर म्हणजे चिमणीचा जीव. फाटकासमोरच्या दुकानांपर्यंत कसाबसा पोचतो, पुढे नुसती खरखर. आणि कॉरिडॉरमध्ये एक स्पीकर आहे, त्याच्याखालून पोरं अशी निघून जातात की जणू वर नुसता पंखा फिरतोय. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी तुमचा वर्धापनदिनाचा कार्यक्रम आहे ना? तो ऐकते आणि मग ठरवते."

झालं! आम्ही पेटलो. एक तास, थेट, 'आपल्या रेडिओचा इतिहास'. ज्यांनी स्टेशन सुरू केलं त्यांच्यातले दोघं शोधून काढले. एक आता वकील आहेत, त्यांना तेव्हापासूनच सगळे बॅरिस्टर म्हणायचे. दुसरे मिशाकाका. मिशी आता औषधालाही नाही, पण नाव चिकटलंय. दोघं आले काय, गळ्यात गळे काय! "अरे, इथे मोडक्या बाकांचा ढीग होता!" "आपणच उपसला ना रे!" डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मी मिक्सरवर बसले. लाल दिवा लागला. फौजदारने गोड आवाजात विचारलं, म्हणजे तिला जमेल तेवढ्या गोड, "सर, या स्टेशनवरून पहिला शब्द कोण बोललं?"

"मी," बॅरिस्टर म्हणाले.

"मी," मिशाकाका म्हणाले.

आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं ना!

"तू? अरे, 'नमस्कार श्रोतेहो' कोण म्हणालं?"

"तू म्हणालास. पण त्याआधी मी 'सुरू करू का' म्हणालो होतो."

"ते मला विचारलंस! श्रोत्यांना नाही!"

"माइकसमोर विचारलं ना? मग झालं!"

"आणि माझ्या हातातून माइक ओढलास, ते सांग की लोकांना!"

"ओढणारच! कागद उलटा धरून वाचत होतास, बावळटा!"

हे सगळं थेट जातंय हां! फौजदार काचेपलीकडून मला गळ्यावरून हात फिरवून दाखवतेय, काप, काप, गाणं लाव! पाहुणे भांडले की आवाज खाली घ्यायचा आणि गाणं सोडायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मिक्सरवर आवाज वर-खाली करायची सरकपट्टी असते, फेडर म्हणतात तिला, त्यावर माझं बोट होतं. खाली ओढणार, एवढ्यात दाराच्या काचेतून बाहेर लक्ष गेलं. स्पीकरखाली दोघं जण उभे! मग चार. मग एक मुलगी पोट धरून हसताना दिसली. अरे, त्या स्पीकरखाली आजवर कोणी बुटाची नाडी बांधायलाही थांबलं नव्हतं!

म्हटलं, बुडालो तर बुडालो. बोट उचललं. फौजदार मला कच्चं खाणार होती, तिचे डोळेच सांगत होते.

तेवढ्यात फोन वाजला. आता आमच्याकडे फोन इतके कमी येतात, की कोण आहे, काय काम आहे, विचारायला माणूसच ठेवलेला नाही. वाजला की सरळ हवेत, म्हणजे थेट कार्यक्रमात सोडायचा, ही आमची पद्धत. सोडला.

"दोघंही थापा मारताय," एक बाई म्हणाल्या. "मी समोरच्या दवाखान्यातून बोलतेय, दातांची डॉक्टर. तुमच्याच वर्गात होते, ओळखलंत का? त्या दिवशी कॅन्टीनमध्ये रेडिओ कानाला लावून बसले होते. हूं नाही की चूं नाही! धावत आले, तर तुम्ही दोघं घामाघूम होऊन बोलताय आणि फेडर खाली! तो वर मी ढकलला. आणि ओरडले, 'अरे गाढवांनो, काहीच ऐकू येत नाहीये!' लोकांनी ऐकलेलं पहिलं वाक्य ते."



"म्हणजे माझं ते 'नमस्कार श्रोतेहो'..." बॅरिस्टर पुटपुटले.

"गाद्यांनी ऐकलं असेल," फोनवरून बाई म्हणाल्या.

"तेव्हा गाद्याही नव्हत्या," मिशाकाका म्हणाले. मग एकदम हळू आवाजात, "तू अजून ऐकतेस?"

"रोज. माझे पेशंटही ऐकतात. तोंड उघडं असतं ना, तक्रार करता येत नाही." मागून कोणीतरी "आँ, आँ" केलं. "हे बघ, हो म्हणतायत."

बाहेर असा हशा पिकला की काच थरथरली! आणि बाईंनी ठेवला, तोच परत फोन! मी हवेतच होते, उचलला आणि सोडला. "बोला बोला, तुम्ही ऑन एअर आहात, कोण बोलतंय?"

"मी प्राचार्य बोलतेय."

फौजदारने टेबलावर डोकं टेकलं.

"मी ऑन एअर आहे?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"आत्ता?"

"हो, मॅडम. आत्ताच."

मॅडमनी घसा खाकरला. मग म्हणाल्या, "मी एवढंच सांगायला फोन केला होता, की कॉरिडॉरमधली गर्दी हटवा. मला माझ्या ऑफिसचं दार उघडता येत नाहीये."

बॅरिस्टरनी लगेच कॉलर सरळ केली. "मॅडम, ऐकतं कोण, असं आपण विचारलं होतंत म्हणे."

"वकीलसाहेब, दार माझं आहे. मला दिसतंय." आणि मग आवाज वेगळाच झाला हां, जरा हसल्यासारखा. "खोली ठेवा तुम्ही. गठ्ठ्यांचं मी बघते. पण आधी गर्दी हटवा!"

गर्दी कसली हटतेय! असा कल्ला झाला की मिक्सरचा काटा लाल रेषेच्या पार गेला. फौजदार आत घुसली, मला मिठी मारली आणि पाठीत गुद्देही घातले, दोन्ही एकदमच. "शहाणे! ऐकलं नाहीस ना माझं!" असं म्हणतेय आणि रडतेय.

आम्ही अशा गळ्यात पडलेल्या, आणि दारात पुढच्या कार्यक्रमाची मुलगी. खोली जाणार म्हणून बिचारीने आज निरोपाचे चार शब्द लिहून आणले होते. तो कागद चुरगाळून तिने खिशात कोंबला आणि माझ्या खुर्चीला ढोसलं.

"रडारड बाहेर करा गं. ऊठ, माझी वेळ झालीये."